आईचं नाव आणि दुबईची नोकरी

1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव आणलं. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. मैत्रिणींचे अभिनंदनाचे मेसेज धडाधड आले. मलाही आनंद झाला. पण त्याच दिवशी जुना संतापही उफाळून आला, आणि तो अजून खाली बसलेला नाही.

मी लालबागच्या चाळीतली. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपात बाबांची गिरणी गेली. आमच्याकडे आजीची खानावळ होती. प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, त्यामुळे आजीसारख्या खानावळवाल्या बायकांना बँकेचं दार उघडलं. आजीनंतर आईने डबे चालवले. माझं बी.कॉम. आणि मार्केटिंगचं एमबीए त्या डब्यांच्या पैशांवर झालं.

मला परदेशात माल विकायचं काम करायचं होतं. मराठी माणसाला विकता येत नाही, हे मी कधीच मानलं नाही. गिरगावातून बेडेकरांची लोणची निघाली आणि परळमधून विको निघाली. हा माल समुद्रापार गेलाच ना? मग मी तयारीला लागले. ‘एफओबी न्हावा शेवा’ म्हटलं की माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी आपली, ‘सीआयएफ जेबेल अली’ म्हटलं की दुबईच्या त्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमाही आपल्या किमतीत, हे घोटून घेतलं. आखाती देशांत खाद्यपदार्थाच्या पाकिटावर अरबी मजकूर लागतो, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख छापावी लागते, रमजानच्या आधी मागणी कशी चढते, सगळं वहीत उतरवलं. दादरला संध्याकाळी अरबी शिकायला जायचे. दुबईच्या एका खाद्यपदार्थ वितरकाने नोकरी दिली, तेव्हा फेब्रुवारीतल्या गल्फूड प्रदर्शनात मसाल्यांच्या स्टॉलवर मी उभं राहायचं, असं ठरलं होतं.

आणि कागद अडले.

अमिरातीसाठी पदवी आधी राज्य सरकारकडे, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे, मग अमिरातीच्या वकिलातीकडे शिक्क्याला जाते. माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव, माझं नाव, वडिलांचं नाव आणि अगदी शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, माझं आणि वडिलांचं नाव दुसऱ्यात. दुबईच्या कार्यालयातल्या बाईंनी शेवटचा शब्द आडनाव समजून फोन केला: हे तुमचं पहिल्या लग्नाचं आडनाव का? मी अविवाहित आहे, असं सांगितलं. मग ही बाई कोण? माझी आई. तिचं नाव तुमच्या गुणपत्रिकेवर कशाला? शेवटी अगदी सहज म्हणाल्या, ते नाव काढून नवी गुणपत्रिका मिळते का बघा.

पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं होतं. तेच नाव, त्याच स्पेलिंगने. मी ते पान पाठवलं, पुन्हा पाठवलं, फोनवर वाचून दाखवलं. ते पान बघायची त्यांची तयारीच नव्हती. शिक्क्यांचं काम करणारा इथला एजंटही तेच म्हणाला: पहिल्या पानावरचं नाव जुळायला हवं, शेवटचं पान कोण बघतं? सरकारने छापलेलं पान सरकारी पुरावा नाही, हे मला आजही पटत नाही.

मग आई आणि मी किल्ला कोर्टाबाहेर नोटरीकडे गेलो. दोन्ही कागदांवरची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. त्याने आईच्या नावाचा पुरावा मागितला. आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर लग्नात बदललेलं. म्हणजे आधी आई तीच आई आहे, याचं प्रतिज्ञापत्र, मग माझं. डबे करून, उन्हात तिथे उभी राहिलेली आई म्हणाली, “अगं, गाळून टाक ना माझं नाव. तुझं काम होऊ दे.” मी तिच्यावर खेकसले. राग तिच्यावर नव्हता. स्वतःचं एक नाव तिने लग्नात सोडलं होतं, दुसरं आता माझ्या नोकरीसाठी सोडायला निघाली होती.

काम झालं, पण गल्फूड होऊन गेल्यावर. स्टॉलवर दुसरंच कोणी उभं राहिलं, आणि तिथे ओळख झालेली गिऱ्हाइकं पुढेही त्याच्याकडेच राहिली. विक्रीत पहिली ओळख ज्याची, त्याचं खातं. ते नुकसान मी पगारवाढीच्या प्रत्येक बोलणीत भोगलं.

परदेशी जायचं म्हणणाऱ्या मुलामुलींना मी भाषा आणि एफओबी-सीआयएफसारख्या इनकोटर्म्सच्या आधी हे सांगते: दहावीचा दाखला, पदवी, गुणपत्रिका आणि पासपोर्ट एका टेबलावर पसरा आणि नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. नोव्हेंबर 2022 पासून एकाच शब्दाचं नाव असलेल्यांना अमिरातीत व्हिजिट व्हिसावर अडवायला लागले. मुलींनी तर लग्नानंतर नाव बदलायच्या आधी दहादा विचार करावा.

सरकारच्या निर्णयाला माझा पाठिंबा आहे, पूर्ण आहे. फक्त जन्मदाखला, विद्यापीठ आणि पासपोर्ट यांच्यात नावाचा एकच क्रम ठरवा, एवढंच मागणं आहे. तो ठरलेला मला दिसला नाही. म्हणून दुबईत माझ्या मुलीच्या पासपोर्टचा अर्ज भरताना तिचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एवढंच लिहिलं. आईला ते आवडलं नाही. “माझ्यासाठी भांडलीस, मग स्वतःचं का गाळलंस?” असं तिने फोनवर विचारलं. तिचं म्हणणं बरोबर आहे, आणि तरीही उद्या अर्ज भरायला बसले तर मी तसाच भरेन.