कर्त्याला एकच जन्म

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी डहाणूच्या बाजारपेठेत नव्या चोपड्यांची पूजा होते. त्याच पेठेत मुसलमानांचीही दुकानं आहेत आणि जमाखर्चाची वही त्यांच्या धर्मविचारातही तितकीच ओळखीची आहे. इकडे चित्रगुप्त माणसाची कृत्यं लिहून ठेवतो. कुराणात प्रत्येकाबरोबर ‘किरामन कातिबीन’ हे लिहिणारे फरिश्ते असतात. कयामतच्या दिवशी ती नोंद हातात पडते आणि नेकी-बदी तराजूत तोलली जाते. कुराणाच्या ९९व्या अध्यायाच्या शेवटी तर म्हटलं आहे की कणभर चांगलं करणाऱ्याला ते दिसेल, कणभर वाईट करणाऱ्यालाही.

मी धर्मविचारांचा तुलनात्मक अभ्यास शिकवते. इथवर आलं की वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं, म्हणजे इस्लाममध्येही कर्मसिद्धान्त आहे. मला हा उत्साह आवडतो आणि मी तो लगेच मोडत नाही, कारण साम्य खरोखर खोल आहे. इमाम बुखारींच्या हदीससंग्रहाची, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहाची, सुरुवातच या हदीसने होते की कर्माचं मोल निय्यतीवर, म्हणजे मनातल्या हेतूवर ठरतं. बुद्धाने हेतूलाच कर्म म्हटलं. गीतेने फळाची आस सोडायला सांगितलं आणि इस्लामने लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या पुण्याला छुपं शिर्क, म्हणजे अल्लाहला भागीदार जोडणं, मानलं. मराठी मुलखाला ही जवळीक नवी नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५मध्ये ‘योगसंग्राम’ लिहिला. पुढच्या काही वर्षांतच हुसेन अंबरखानांनी गीतेवर मराठी टीका केली. या माणसांनी आपला धर्म सोडला नव्हता, आणि शेजाऱ्याचा विचार त्यांनी नुसता दुरूनही पाहिला नव्हता.

फाटा फुटतो तो पुनर्जन्मापाशी. सुमारे हजार वर्षांपूर्वी अल्-बिरूनीने लिहून ठेवलं की जशी कलमा ही इस्लामची खूण, तशी पुनर्जन्मावरची श्रद्धा ही हिंदूंची. तो टिंगल करत नव्हता. त्याने पतंजलीचं योगशास्त्र अरबीत आणलं होतं. इस्लाममध्ये माणूस एकदाच जन्मतो, मेल्यावर बरज़खमध्ये, म्हणजे मरण आणि कयामत यांच्या मधल्या अवस्थेत, थांबतो आणि शेवटी एकदाच हिशेब होतो. आज जन्मलेल्या मुलाच्या नावावर मागची काहीही बाकी नसते. हा फरक केवळ तत्त्वज्ञानाचा आहे असं ज्याला वाटतं त्याने तलासरीचा इतिहास वाचावा.

आताच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी काही हजार वारली आदिवासी जमले. त्यांना संघटित करणारे गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. वेठ बंद, हा निर्धार तिथे झाला. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचा आणि त्या पैशांपायी बायकोसकट वर्षानुवर्षं त्याच्या शेतावर राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलंय त्यांना हे सगळं ठाऊक आहे.

लग्नगड्याच्या हालांना ‘मागच्या जन्मीचं’ म्हणणं सोपं असतं. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग आपल्याच परंपरेने केले आणि क्रियमाण माणसाच्या हातात ठेवलं, पण दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बोलताना क्रियमाण कुणाला आठवत नाही, नेमकं प्रारब्ध आठवतं. डॉ. आंबेडकरांचा आक्षेप इथेच होता. आणि मुसलमान घरात हेच काम नशिबाकडून करून घेतलं जातं. अल्लाहची मर्जी, त्याला आपण काय करणार! या भागातले जमीनदार-सावकार काही एकाच धर्माचे नव्हते.

कुराणाने मात्र ही पळवाट नाव घेऊन बुजवली आहे. मरणाऱ्याच्या उशाशी वाचली जाते ती सूरह यासीन. तिच्या ४७व्या आयतीत भुकेल्याला घालायला सांगितल्यावर काही लोक म्हणतात, अल्लाहने मनात आणलं असतं तर त्याने स्वतःच घातलं असतं, आम्ही कशाला घालू? कुराण त्यांना नाकारणाऱ्यांत गणतं. मला ही आयत दोन्ही धर्मांच्या मुलांना शिकवावीशी वाटते.

मग एकाच जन्मात कर्माचं फळ पुरं कसं होणार? इस्लामचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. कर्त्याला दुसरा जन्म नाही, पण त्याच्या कर्माला त्याच्यामागेही आयुष्य आहे. हदीस सांगतात की माणूस मेला तरी चालू राहणारं दान, उपयोगी पडणारं ज्ञान आणि दुआ करणारं लेकरू यांचं पुण्य जमा होत राहतं. झाड लावलं तर त्यातून माणसाने, पाखराने, जनावराने जे खाल्लं ते लावणाऱ्याचं दान ठरतं. घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांत हे समजावून सांगावं लागत नाही. पण याच हदीसांच्या शेजारी दुसरी एक आहे. वाईट चाल जो पाडतो, त्याच्यावर ती पुढे चालवणाऱ्यांचाही भार पडतो, आणि चालवणाऱ्यांचा भार त्याने कमी होत नाही. लग्नगड्याच्या कर्जाची पहिली चिठ्ठी लिहिणाऱ्याचा हिशेब त्याच्या मरणाने संपलेला नाही.

तौबा, म्हणजे पश्चात्ताप, केली की अल्लाह माफ करतो, हे खरं. पण आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, हक दोन प्रकारचे मानले: अल्लाहचे आणि माणसांचे. नमाज चुकली तर ते अल्लाह आणि बंद्यामधलं. माणसाचा हक मारला असेल तर तो परत करायचा किंवा त्याची माफी मिळवायची. नुसत्या तौबेने भागत नाही. एका हदीसमध्ये खरा दिवाळखोर कोण ते सांगितलं आहे. तो ढीगभर नमाज-रोजे घेऊन येतो, पण त्याने कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला, कुणाला मारलेलं असतं. त्याचं पुण्य त्या माणसांना वाटलं जातं आणि पुण्य संपलं की त्यांची पापं त्याच्यावर चढवली जातात. ज्याचं त्यानेच भोगायचं, या कर्मसिद्धान्तातल्या नेमापेक्षा हे वेगळं आहे. इथे नाडलेला माणूस समोर उभा असतो आणि त्याची भरपाई झाल्याशिवाय हिशेब मिटत नाही.

जमिनीबद्दल तर हदीस फारच कडक आहे. वीतभर जमीन जुलमाने बळकावली तरी ती सात थरांनिशी गळ्यात पडते. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४चा. धर्माने ते त्याच्या कितीतरी आधी सांगितलेलं होतं. शरियतमध्ये वारसांच्या वाटण्या मयताचं देणं फेडल्यावरच होतात, आणि बळकावलेली जमीन तर मयताची नव्हतीच. डहाणू-तलासरीत वाडवडिलांची म्हणून वाटणीला निघणाऱ्या जमिनीवर कुणा वारल्याचा हक आहे का, हे जुम्म्याच्या खुतब्यात विचारलं गेलं पाहिजे, आणि देवळातल्या प्रवचनातही.