पेला कोणाच्या हातात?

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दारूवरचं प्रवचन साधारण ठरलेलं असतं. पगाराचा दिवस, गुत्त्याकडे वळलेला बाप, घरी उपाशी पोरं आणि शेवटी नीतिसूत्रांतली दोन-तीन वचनं. ज्यांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे आणि खिशात परमिट आहे, तेही या प्रवचनाला मान डोलावतात. हे आपल्याबद्दल चाललेलं नाही, याची त्यांना खात्री असते. मी सेमिनरीत जुना करार आणि हिब्रू शिकवते. पुढे जाऊन ही प्रवचनं करणारी मुलंमुली माझ्याच वर्गातून जातात, म्हणून त्यांना मी एक काम लावते : बायबलमध्ये कोण कोण पिऊन झिंगलंय त्याची यादी करा आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा हुद्दा लिहा.

यादी काहीशी अशी होते. इस्राएलचा राजा एला तिरसा शहरात आपल्या कारभाऱ्याच्या घरी पिऊन तर्र झालेला असताना त्याच्याच रथदळाचा सरदार जिम्री त्याला मारतो. (जिम्रीचं राज्य टिकतं सात दिवस.) अरामी राजा बेन-हदाद ३२ मांडलिक राजांना घेऊन ऐन लढाईच्या दिवशी भरदुपारी तंबूत पीत बसतो आणि हरतो. बाबेलचा बेलशस्सर हजार सरदारांना मेजवानी देतो आणि यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेल्या पात्रांतून पितो. पारसाचा अहश्वेरोश १८० दिवस वैभवाचं प्रदर्शन मांडून वर सात दिवसांची मेजवानी झोडतो आणि सातव्या दिवशी त्याच तारेत राणीला दरबारात मिरवायला बोलावतो. ती येत नाही. दाविदाचा मुलगा अम्नोन लोकर-कातरणीच्या जेवणात द्राक्षारसाने खुशीत आलेला असताना सावत्र भावाच्या माणसांकडून मारला जातो. नोहा शेतकरी होता, असं कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणतं. होता खरा, पण जलप्रलयानंतर पृथ्वीवरची सगळी जमीन त्याचीच होती!

हातावर पोट असलेला माणूस या यादीत शोधावा लागतो. सापडतो तो उरीया, आणि त्याची गोष्ट मुळातून वाचावी अशी आहे. दावीद राजाने या शिपायाच्या बायकोला वाड्यात बोलावून घेतलं, तिला दिवस गेले. आता उरीया एक रात्र घरी झोपला तर प्रकरण झाकलं जाईल, म्हणून राजाने त्याला आघाडीवरून बोलावलं. पहिल्या रात्री तो घरी गेलाच नाही. माझे सोबती उघड्यावर पडलेत, मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा, असा त्याचा सवाल. मग राजाने त्याला पंक्तीला बसवून झिंगेपर्यंत पाजलं. तरीही उरीया राजाच्या नोकरांत, आपल्या अंथरुणावर जाऊन पडला. शुद्धीवरच्या राजापेक्षा झिंगलेला शिपाई सरळ निघाला. दुसऱ्या दिवशी दाविदाने त्याच्याच हाती त्याच्या मरणाचं पत्र देऊन त्याला परत पाठवलं. हबक्कूक संदेष्ट्याने पुढे शेजाऱ्याला पाजून त्याची अब्रू उघडी पाडणाऱ्याला शाप दिलाय, तो वाचताना मला दरवेळी ही पंगत आठवते. पिणाऱ्याच्या पापावर आपण पुष्कळ बोलतो. पाजणाऱ्याचं पाप बायबलने वेगळं मोजलंय.

याच यादीची एक उलटी बाजू आहे. शिलोच्या मंदिरात हन्ना नावाची मूल नसलेली बाई मनातल्या मनात प्रार्थना करत असते. ओठ हलतात, आवाज येत नाही. दाराशी बसलेला एली याजक तिला पिऊन आलेली समजून झापतो. ती बिचारी थेंबभरही प्यायलेली नसते. एलीचे स्वतःचे मुलगे त्याच मंदिरात अर्पणाचं मांस दांडगाईने पळवत असतात, ते मात्र त्याला आवरत नाहीत. नव्या करारात पेंटेकॉस्टच्या सकाळी गालीलाकडच्या लोकांना गर्दी हसते की हे पिऊन आलेत, आणि पेत्राला सांगावं लागतं की अहो, सकाळचे नऊ वाजलेत! खुद्द येशूला खादाड आणि दारुडा म्हटलं गेलं. म्हणजे साध्या माणसावर दारूचा आळ येतो तेव्हा तो खोटा निघतो आणि खरे पिणारे सिंहासनावर असतात. योगायोग म्हणून हे सोडून द्यायला मी तयार नाही.

आता नीतिसूत्रांकडे येते, कारण प्रवचनातली वचनं तिथूनच येतात. जास्त पिणारा आणि अधाशी दरिद्री होतो, असं हे पुस्तक म्हणतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हे कोणाला उद्देशून म्हटलंय? या पुस्तकाचा बराच भाग राजदरबारी वळणाच्या शिकवणीचा आहे. राजाच्या पंक्तीला कसं बसावं, पक्वान्नांना कसं भुलू नये, हे त्याच २३व्या अध्यायात सुरुवातीला येतं. आमेनेमोपे या इजिप्शियन लेखनिकाची शिकवण १९२३मध्ये बज यांनी प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी एर्मान यांनी तिचं नीतिसूत्रांच्या २२व्या-२३व्या अध्यायांतल्या वचनांशी असलेलं नातं दाखवून दिलं. तेव्हापासून या भागाचं दरबारी नातं अधिकच स्पष्ट झालं. कारभार सांभाळायला निघालेल्या खात्यापित्या घरच्या पोराला बाप किंवा गुरू सांगतोय, की असाच राहिलास तर चिंध्या पांघरशील. मुळातच चिंध्या पांघरलेल्याला हे ऐकवलं की वचनाचं तोंड फिरतं.

त्याच अध्यायाच्या शेवटी दारुड्याचं एक चित्र आहे आणि माझ्या मते ते अख्ख्या बायबलमधलं या विषयावरचं सर्वांत नेमकं लेखन आहे. कोड्यासारखे सहा प्रश्न लागोपाठ येतात : हाय हाय कोणाची, दुःख कोणाचं, भांडणं कोणाची, कुरकुर कोणाची, उगाचच्या जखमा कोणाच्या, लाल डोळे कोणाचे? उत्तर एकच. मग पेल्यातल्या रसाचा लाल रंग, त्याची चमक, घशाखाली अलगद उतरणं. लेखकाला चव ठाऊक आहे, हे इथे लपत नाही. लगेच सापाचा दंश. पुढे भलतंसलतं दिसणं, बरळणं, आणि मग भर समुद्रात डोलकाठीच्या टोकावर आडवं झाल्यासारखं गरगरणं. इस्राएली लोक काही दर्यावर्दी नव्हते. त्यामुळे ही डोलकाठी अधिकच भोवंडून टाकते.

शेवटच्या ओळीत लेखक बाजूला होतो आणि दारुडा स्वतः बोलू लागतो. मला मारलं म्हणतात, पण दुखलं नाही. बडवलं म्हणतात, पण कळलं नाही. जाग कधी येईल, म्हणजे पुन्हा जाऊन घेईन. इथे परिच्छेद संपतो. देव शिक्षा करील असं नाही, नरक नाही, पश्चात्ताप नाही; या सात वचनांत देवाचं नावही येत नाही. रात्रीची आठवण पुसली जाणं, वेदना बधिर होणं आणि शुद्ध यायच्या आत पुढच्या घोटाची ओढ लागणं हे तीनही व्यसनमुक्तीच्या कामातली मंडळी लगेच ओळखतात. दारूच्या व्यसनाला आजार मानून त्याचे प्रकार मांडणारं जेलिनेक यांचं पुस्तक १९६०चं आहे. या प्राचीन गुरूने आजार हा शब्द वापरला नाही, पण रुग्णाला बोलतं केलं. प्रवचनात मात्र साप तेवढा येतो. ती शेवटची ओळ वाचताना मी फारशी ऐकलेली नाही. तिच्यावर ओरडता येत नाही, म्हणून असेल.

दारुड्याबरोबर संसार कसा करतात, हे पाहायचं तर १ शमुवेलचा २५वा अध्याय. नाबालाकडे ३००० मेंढरं आणि १००० शेरडं. लोकर-कातरणीचा मोसम. अजून राजा न झालेला, रानात भटकणारा दावीद माणसं पाठवून शिधा मागतो, नाबाल त्यांना हिडीसफिडीस करून घालवतो, दावीद ४०० माणसांनिशी तलवारी कसून निघतो. हे नाबालाची बायको अबीगईल हिला कळतं एका गड्याकडून. मालकाशी बोलायची सोय नाही, असं तो गडीच म्हणतो. ती नवऱ्याला न सांगता गाढवांवर सामान लादते : २०० भाकरी, पाच मेंढरांचं रांधलेलं मांस, पाच मापं हुरडा, मनुकांचे १०० घड, अंजिरांच्या २०० ढेपा, आणि द्राक्षारसाचे दोन बुधले. घरी नवरा ज्याने झिंगतो, तोच द्राक्षारस ती भेट म्हणून नेते, आणि निवेदकाला त्यात काही वावगं वाटत नाही. दाविदाला शांत करून ती परतते तेव्हा घरात राजाला शोभेल अशी मेजवानी चाललेली असते आणि नाबाल पार झिंगलेला. ती उजाडेपर्यंत त्याला चकार शब्द सांगत नाही. सकाळी द्राक्षारस उतरल्यावर सांगते. ते ऐकून त्याचं काळीज दगड होतं आणि दहाएक दिवसांनी तो मरतो.

रात्री बोलायचं नाही, हे अबीगईलला कोणी शिकवलं? वर्गातल्या मुलींना हा प्रश्न विचारावा लागत नाही. पुढे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात बेन सिराने हाच सल्ला पुस्तकात घातला : पिण्याच्या बैठकीत माणसाला टोचून बोलू नये, उधारी मागू नये. (हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही.) बेन सिरा द्राक्षारसाचं कौतुकही मोकळेपणाने करतो, मापात घेतला तर तो जीवनच, असं त्याचं म्हणणं.

कारण हा सगळा मुलूखच द्राक्षांचा. यरुशलेमच्या वायव्येला अल-जीब गावी, म्हणजे जुन्या गिबोनात, १९५६पासून प्रिचर्ड यांनी उत्खनन केलं, तेव्हा खडकात खोदलेली द्राक्षारसाची ६३ तळघरं सापडली. सणाला, यज्ञाला, पाहुण्याला द्राक्षारस हवाच. स्तोत्रकर्ता तो देवाच्या देणग्यांत मोजतो. हा रस नुसता आंबवलेला. भट्टीवर ऊर्ध्वपातन करून काढलेली दारू त्या काळी माहीत नव्हती. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के मद्यार्क लिहिलेला असतो. तो आकडा पाहिला असता तर स्तोत्रकर्त्याने आपली ओळ बहुधा पुन्हा तपासली असती.

संदेष्ट्यांचा राग मात्र द्राक्षाच्या गुणावर नाही, तो कोणाच्या द्राक्षांवर यावर आहे. तकोवाचा मेंढपाळ आमोस शोमरोनच्या श्रीमंतांवर तुटून पडतो : हस्तिदंती पलंग, घंगाळ्यातून पिणं, दंडापोटी वसूल केलेला द्राक्षारस देवाच्याच घरात ढोसणं, आणि गरिबांना चिरडत नवऱ्यांकडे पेय मागणाऱ्या बायका. हे अलंकारिक वाटतं. पण शोमरोनच्या राजवाड्याच्या परिसरात १९१०मध्ये खापरांचे जे लेख सापडले, ते आमोसच्याच शतकातले आहेत आणि त्यांवर हिशोब आहेत : अमुक वर्षी, अमुक गावाहून, अमक्याला, जुन्या द्राक्षारसाचा एक बुधला. पुढे १९३०च्या दशकात त्याच टेकडीवर हस्तिदंताच्या कोरीव पट्ट्याही निघाल्या. आमोस नजरेसमोरचं सांगत होता. खेड्यातला रस वर राजधानीत जात होता आणि तिथे तो पिऊन न्याय विकला जात होता. यशया हे उघडच म्हणतो : द्राक्षारस पिण्यात शूर असलेले हे लोक लाच घेऊन अपराध्याला सोडतात. याजक आणि संदेष्टे झोकांड्या खात निवाडा करतात, असं सांगताना तो त्यांच्या ओकाऱ्यांनी भरलेल्या मेजांचंही वर्णन करतो. ते इथे नको.

पूर्ण वर्ज्य करणारेही होते. नाजीर व्रताचे लोक मनुकादेखील खात नसत. रेखाबी घराण्याने पूर्वज योनादाबाच्या शब्दाखातर द्राक्षारस सोडला, तसंच घर बांधणं, पेरणं, मळा लावणंही सोडलं. १८३५मध्ये इंग्लंडात सॅल्फर्डला दारूबंदीवाल्यांनी त्यांच्या नावाची संस्था काढली. त्यांनी पेला तेवढा सोडला. घरं सोडून तंबूत कोणी गेलं नाही. अमेरिकेत १८६९मध्ये वेल्च नावाच्या मेथॉडिस्ट दंतवैद्याने न आंबणारा द्राक्षरस बाटलीत भरला तो प्रभुभोजनासाठीच. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू मात्र शुक्रवारच्या किद्दूश प्रार्थनेला भिजवलेल्या काळ्या मनुकांचं सरबत वापरत आले, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही चळवळीची गरज पडली नाही.

नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय आमच्याकडे लग्नात वाचतात. म्हणजे त्यातलं सद्गुणी स्त्रीचं २२ ओळींचं वर्णन, दहाव्या वचनापासून. पहिली नऊ वचनं गाळली जातात. त्यांत लमुएल राजाला त्याची आई बजावते आहे, की राजांना पिणं शोभत नाही. प्यायलास तर कायदा विसरशील आणि दुबळ्यांचा हक्क बुडवशील. द्यायचंच तर मरणाला टेकलेल्याला दे, दुःखाने कडू झालेल्याला दे, त्याला घटकाभर आपलं दारिद्र्य विसरू दे. तू मात्र मुक्यासाठी तोंड उघड. आईने मुलाला इतकं स्पष्ट बोललेलं बहुधा वरपक्षाला लग्नमंडपात नको असतं. मग थेट दहाव्या वचनापासून सुरुवात होते आणि ती सद्गुणी स्त्री पहाटे उठून सूत काढते, शेत पाहून विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून त्यात द्राक्षमळा लावते.