सांगड

'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आम्ही मराठी माणसे भाषणांतून आणि अग्रलेखांतून इतक्या सढळपणे वापरतो की, सांगड ही मूळची पाण्यातली वस्तू आहे याचे स्मरणच उरलेले नाही. सुके भोपळे किंवा हलके ओंडके एकत्र बांधून ज्याच्या आधाराने नदी उतरावयाची, ती सांगड. आमच्या पिढीतले पुष्कळजण विहिरीत पोहावयास शिकले ते पाठीला भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड नाहीतर झाकण पक्के बसविलेला पत्र्याचा डबा बांधून. आणि ज्या दिवशी तो डबा सुटला त्या दिवशी मूल 'तयार' झाले, असे घरात मानीत. तरंगविणारी वस्तू ही नवशिक्याची, ही समजूत तेव्हापासूनची. देशावरच्या विहिरीत तिने फारसे काही बिघडत नाही.

परंतु आम्ही राहतो दिल्लीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत देशावरून पाहुणे येतात, आग्रा पाहतात आणि मग हृषीकेशला निघतात. मे महिन्याच्या उन्हात घामाघूम झालेली ही मंडळी, हवा तापली म्हणजे पाणीही तापले असणार, असे धरून चालतात. वास्तविक त्याच दिवसांत वर हिमालयात बर्फ वितळत असते. अंगाची लाही होत असते आणि पायाखालून हिमाचे पाणी वाहत असते.

काही वर्षांपूर्वी सांगलीचा एक नातलग तरुण आमच्याबरोबर शिवपुरीहून रबरी तराफ्यात बसला. कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलावरून उड्या घेतलेला गडी! लाइफ जॅकेट चढविताना आपला अपमान होतो आहे, असे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेले होते. नावाड्याने पट्टे आवळले, खांद्याशी धरून जाकीट वर ओढून पाहिले आणि ते कानांपर्यंत सरकत नाही अशी खात्री झाल्यावरच त्याला सोडले. पुढे एका मोठ्या लाटेत तराफा कलला आणि हा पाण्यात. वर आला तो डोळे विस्फारलेले, तोंड उघडे, धाप लागलेली. हात मारणे त्याला सुचेना. मिनिटभर त्याचे तोंड पाण्याबाहेर धरले ते जाकिटाने. "पैर आगे! पीठ के बल!" असे नावाडी ओरडत होता, मग त्याने दोर फेकला. तराफ्यात ओढून घेतल्यावर बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काका, श्वासच माझ्या हातात नव्हता."

त्याचे हे वाक्य शास्त्राला धरून आहे. पाणी पंधरा अंश सेल्सियसच्या खाली असले की, अंगाला त्याचा एकदम स्पर्श होताच माणूस नकळत मोठा श्वास घेतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले तर काय होईल, हे सांगावयास नको. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी बर्फगार पाण्याचा हिशेब तीन आकड्यांत मांडला आहे: श्वास ताब्यात येण्यास 1 मिनिट, हातपाय ऐकतात तोवरची सुमारे 10 मिनिटे, आणि शुद्ध हरपण्यापूर्वीचा सुमारे 1 तास. पोहण्याची विद्या पहिल्या मिनिटात निरुपयोगी, आणि दहा मिनिटांनंतर पुन्हा निरुपयोगी! पट्टीच्या पोहणाऱ्याने ही गणना नीट पाहावी. त्या मिनिटात उताणे तरंगत राहावे, नदी असेल तर पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत, आणि तळ लागला तरी उभे राहू नये. वेगाच्या पाण्यात पाऊल दगडांत अडकते.

जाकीट तरंगविते, ऊब मात्र फारशी देत नाही. 1912 साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा पाण्यातल्या बहुतेकांच्या अंगावर बुचाची जाकिटे होती, आणि ते तरंगतच थंडीने गेले. स्थिर पाण्यात गुडघे छातीशी घेऊन आखडून राहिल्यास उष्णता थोडी टिकते. वाहत्या गंगेत तीही सोय नाही. तेव्हा काठावर कोरडे कपडे हवेत, आणि बाहेर काढलेल्या माणसाला लगेच चालवू नये, त्याचे हातपाय चोळू नयेत.

येत्या मे महिन्यात भाचीची दोन मुले यावयाची आहेत. धाकटा सहा वर्षांचा. थोरांचे जाकीट मुलाला घातले तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाते; त्याला दोन पायांमधून घेतलेला पट्टा लागतो, आणि माप ठरते ते वयावरून नव्हे. म्हणून भाचीला फोन करून आम्ही त्याचे वजन विचारले. "मामा, गंगास्नानाला वजन कशाला?" असे म्हणत तिने ते सांगितले: साडेसतरा किलो.