प्रवाह उतरतो तेव्हा

घरोघरी शुगर मोजायचं छोटं मशीन आलं आहे. त्याच्या पट्टीवरचं एन्झाइम रक्तातल्या साखरेचं ऑक्सिडीकरण करतं, त्यात सुटणारे इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोचतात. साखर जास्त, तर प्रवाह जास्त. एन्झाइमला इलेक्ट्रोडची जोड देण्याची कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली मांडली. कीटकनाशकं ओळखणाऱ्या ज्या संवेदकांवर मी काम करते ते याच घराण्यातले, पण त्यांची रीत उलटी : विष जितकं जास्त, तितका प्रवाह कमी.

मज्जातंतूंच्या सांध्यावर ॲसिटिलकोलिन निरोप पोचवतं. निरोप पोचला की कोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्याचे तुकडे करून जागा मोकळी करतं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं या एन्झाइमलाच जखडतात. मग लाळ, घाम, आकसलेल्या बाहुल्या आणि शेवटी श्वास कोंडणं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा मोनोक्रोटोफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेटचं नाव पुढं आलं, तसंच डायफेन्थियुरॉनचंही. हे दुसरं वेगळ्याच मार्गानं मारतं. आमच्या पट्टीला ते दिसत नाही.

पट्टी साधीच असते. कार्बनच्या शाईनं छापलेला इलेक्ट्रोड, त्यावर हेच एन्झाइम. ॲसिटिलथायोकोलिनचा थेंब टाकला की थायोकोलिन तयार होतं, इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि प्रवाह मिळतो. मग पट्टी काही मिनिटं विहिरीच्या पाण्यात ठेवायची आणि पुन्हा मोजायचं.

क्लोरपायरिफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेटनं मला बराच काळ चकवलं. पाण्यात ते मुद्दाम घातलेलं असूनही प्रवाह जवळपास हलत नसे. कारण मूळ रूपात ते एन्झाइमला फारसं धरतच नाही. माणसाच्या यकृतात त्यातल्या गंधकाची जागा ऑक्सिजन घेतो, तेव्हा ते खरं जहाल होतं. म्हणजे यकृताचं काम आम्हाला चंचुपात्रात करावं लागतं, थोडं ब्रोमीन घालून. उलट पाण्यात तांबं असेल, तर कीटकनाशक नसतानाही प्रवाह उतरतो, आणि बुरशीनाशक म्हणून तांब्याची फवारणी आपल्याकडे भरपूर होते.

आमच्या क्षेत्रात शोधनिबंध निघतात ते आणखी कमी, आणखी सूक्ष्म प्रमाण ओळखल्याचे. मला ही शर्यत चुकीची वाटते. शुद्ध बफरमध्ये कितीही सूक्ष्म मोजलं तरी विदर्भातल्या मे महिन्यात टपरीवजा दुकानात पडून राहिलेल्या पट्टीवरचं एन्झाइम टिकणार आहे का, हा प्रश्न आधीचा आहे.

पण पट्टीच्या याच तत्त्वावर रक्तातलं कोलिनएस्टरेजही मोजता येतं, आणि त्याची निकड मला पाण्याहून जास्त वाटते. त्याची पातळी माणसागणिक वेगळी असते. एकदाच मोजलेल्या आकड्यावरून घट कळत नाही. म्हणून फवारणी करणाऱ्या प्रत्येक मजुराचं रक्त हंगामाआधी एकदा आणि हंगाम चालू असताना पुन्हा तपासा. पातळी उतरलेली दिसली, तर ती पूर्ववत होईपर्यंत त्याच्या पाठीवर पंप देऊ नका.