परमपदाचा पट

खेळांतील कल्पित जगांची मला लहानपणापासून ओढ आहे. अमेरिकेत १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात खेळाडू एखादे पात्र होऊन अद्भुत भुयारे धुंडाळतो. माझे आवडते जग मात्र मला चेन्नईत गवसले. वैकुंठ एकादशीच्या जागरणात तेथे ‘परमपद सोपान’ मांडतात. ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा आपला मोक्षपट त्याच्याच कुळातला! सोंगटी म्हणजे जीव, शिडी पुण्याची, साप पापाचा. सर्वांत वर वैकुंठ.

एका एकादशीला नुकतेच वैधव्य आलेल्या शेजारच्या आजी खेळावयास बसल्या. वैकुंठाकडे पाहत त्या म्हणाल्या, “ते पोहोचले. मला अजून दोन साप ओलांडायचे आहेत.” पुढच्याच दानाला त्यांची सोंगटी सापाच्या तोंडी गेली. त्यांनी ती शांतपणे खाली आणली आणि पुन्हा फासे मागितले.