घाटात हरवलेला आवाज

साखरपा मागे पडून आंबा घाटाची चढण लागली की दादाचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा टेंपरेचरच्या काट्यावर असायचा. १७ वर्षं जुनी डिझेल पिकअप, हौद्यात कोल्हापूरला निघालेल्या हापूसच्या पेट्या आणि एप्रिलची दुपार. चार-पाच वळणं गेली की काटा लाल पट्टीला टेकायचा. मग गाडी कडेला, बॉनेट वर, चाकांना दगड. इंजिन निवेपर्यंत दादा दरीकडे तोंड करून बसायचा आणि मी ताडपत्रीची टोकं उचलून पेट्यांना वारा द्यायचो.

पैसे ओतून झाले होते. एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅटच काढून टाकला. पाणी मोकळं फिरेल म्हणाला. दुसरीकडे रेडिएटर उतरवून रॉडिंग झालं, पाठोपाठ वॉटर पंप नवा. घाटात काटा पुन्हा तिथेच. तिसऱ्याने हेड उघडायला सांगितलं, तेव्हा मात्र दादा खचला. तो खर्च म्हणजे हंगामाचा अर्धा नफा होता.

साखरप्याजवळच्या एका वयस्कर मेस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी त्याला समोर बसवलं.

"सपाटीला तापते?"

"नाही. हातखंब्यापासून साठच्या स्पीडने येतो, काटा हलत नाही."

"रिकामी असली तर?"

"घाटात तरीही चढतोच. जरा उशिरा."

"पाणी रोज घालावं लागतं?"

"नाही. उकळून सांडलं तरच."

मेस्त्रींनी मान डोलावली. गाडी त्यांनी रात्रभर तिथेच ठेवून घेतली, कारण पहिली तपासणी थंड इंजिनावर करायची होती. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे उकळतं पाणी तोंडावर घेणं. सकाळी त्यांनी झाकणाचं रबर दाबून पाहिलं. झाकणावर ०.९ कोरलेलं होतं. तेवढ्या बारचा दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर वाळलं की हा फायदा गेला. रबर ठीक होतं. मग झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू केलं आणि आम्हाला पाण्यात बघायला लावलं. हेड गॅस्केट फुटलेलं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आणि बुडबुडे थांबत नाहीत. पाणी शांत फिरत होतं. दादाने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

"सपाटीला वारा समोरून आपोआप येतो," मेस्त्री म्हणाले. "घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तू चालतोस वीसच्या स्पीडने, इंजिन मात्र जीव काढतं. तिथे वारा द्यायचा कुणी? पंख्याने. चढणीला पंख्याचा घोंगावता आवाज शेवटचा कधी ऐकलास?"

दादा माझ्याकडे बघू लागला. दोघांनाही आठवेना.

झाकण लावून गाडी चांगली तापवली, बंद केली, किल्ली मेस्त्रींनी खिशात टाकली. मग पंख्याच्या पात्याला बोटाने हलकासा धक्का दिला. पंखा गरगर तीन-चार फेरे फिरला. गरम इंजिनावर तो हाताला जड लागायला हवा होता. या पंख्याच्या मध्यभागी सिलिकॉन तेलाचं कपलिंग असतं. पुढची छोटी पट्टी रेडिएटरच्या गरम हवेने वळते, तेल आत सोडते आणि पंखा इंजिनाबरोबर जोराने फिरू लागतो. तेल गळून गेलं की पंखा नुसता वाऱ्यावर फिरतो. मेस्त्रींनी टॉर्च मारला. कपलिंगभोवती तेलकट धुळीचा काळा, चिकट थर साचला होता. तीन गॅरेजांमध्ये बॉनेट उघडलं गेलं आणि हा थर कुणी पाहिला नाही, याचा राग मला आजही येतो.

नवं कपलिंग बसलं. मेस्त्रींनी नवा थर्मोस्टॅटही बसवायला लावला. तो ८२ अंशांच्या आसपास उघडतो आणि त्याच्याविना इंजिन थंडच राहून डिझेल जास्त खातं, हे त्यांनी दादाला दोनदा बजावलं.

पुढच्या खेपेला १२० पेट्या होत्या. तिसऱ्या वळणावर बॉनेटखालून घोंगावणं सुरू झालं तसा दादाने हात लांब करून रेडिओ बंद केला. आंबा गाव येईपर्यंत आम्ही तोच आवाज ऐकत होतो.