चोरचोळीच्या आधी

आपल्याकडे दिवस राहिल्याची बातमी लगेच चारचौघांत करत नाहीत. आधी नवऱ्याला, मग आईच्या कानावर, मग सासूबाईंना. तिसऱ्या महिन्यात चोरचोळी होते. घरातल्याच दोन-चार बायका, हिरवा खण, हळदकुंकू, बोभाटा नाही. आळीभर कळायचं ते सातव्यात, डोहाळजेवणाला. या चालीमागे दृष्टीची भीती आहेच, आणि सगळ्याच घरांत सुनेच्या मनासारखं होत असेल असंही नाही. तरी मला या रीतीत मोठा समजूतदारपणा दिसतो. पोटातलं टिकेल की नाही याची खात्री नसते, त्या दिवसांत बाईला आशा बाळगायला आणि वेळ आलीच तर रडायला एक आडोसा मिळतो.

तो आडोसा आता मोडला आहे, आणि मला त्याची फार काळजी वाटते. पाळी चुकली म्हणून तिनं रात्री फोनवर काही शोधलं, फॉलिक अ‍ॅसिडवरचा एखादा लेख वाचला, तारखांची नोंद ठेवणारं अ‍ॅप घेतलं, की आईच्या आधी जाहिरातवाल्यांना सुगावा लागू शकतो. आपण एखादं पान उघडतो तेव्हा त्यातल्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो. पाहणारी व्यक्ती अंदाजे कुठल्या भागातली, फोन कोणता, सध्या कशात रस घेते आहे, अशी माहिती बोली लावणाऱ्यांपुढे टाकली जाते. पापणी लवायच्या आत सौदा पुरा होतो. आणि जो बोली हरतो, त्याच्याही समोरून ती माहिती गेलेलीच असते. फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो, असं पुष्कळ जण म्हणतात. इतकं सगळं आपण न बोलताच त्याच्या हाती देत असू, तर ऐकायची गरज तरी काय?

डिसेंबर 2018 मध्ये जिलियन ब्रॉकेल या अमेरिकन पत्रकार बाईंनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधून तंत्रज्ञान कंपन्यांना एक जाहीर पत्र लिहिलं. त्यांचं बाळ मृत जन्माला आलं होतं. गरोदरपणात त्यांनी जे शोधलं, जे फोटो टाकले, त्यावरून त्यांच्यापुढे बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती येत होत्या. त्या पुढेही येतच राहिल्या. ही जाहिरात नको, असं त्यांनी कळवलं. त्याचा अर्थ यंत्रणेनं असा लावला की बाळंतपण सुखरूप पार पडलं, आणि मग दूध पाजणाऱ्या आईच्या कपड्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. मी गरोदर आहे हे तुम्हाला ओळखता येतं, तर माझं बाळ गेलं हे का ओळखता येत नाही, असा त्या पत्राचा गाभा होता.

ते वाचल्यापासून माझी अस्वस्थता गेलेली नाही. शेजारणीला ही बातमी कळली असती, तर ती काही दिवस आपलं तान्हं घेऊन त्या दारात गेली नसती. तिलाही सगळं माहीत असतंच, पण कळलं की आवरायचं कुठे, हेही तिला उमजतं. दुसऱ्याचं गुपित ठाऊक असणाऱ्यावर एक जबाबदारी येते. जाहिरातीच्या बाजारानं माहिती तेवढी घेतली आणि ही जबाबदारी टाकून दिली.

24 ऑगस्ट 2017 रोजी निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. 2023 मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. दिलेली संमती परत घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असं तो सांगतो. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायलाही त्यानं मनाई केली आहे. हे कलम मला मनापासून पटतं. पण दिवस राहिलेली पंचविशीतली सून त्यात बसत नाही. तिच्यासाठी उरतं ते संमतीचं बटण, आणि ते तिनं कधीतरी घाईत, रेसिपी बघायला किंवा लोकलची वेळ पाहायला दाबलेलं असतं. पुढे काय वाढून ठेवलं आहे, हे त्या क्षणी तिला कुठून ठाऊक असणार? म्हणून मला वाटतं, पाळी, गर्भ, आजार आणि घरातला मृत्यू यांच्यावरून माणूस हेरून त्याला जाहिरात दाखवायला कायद्यानं सरसकट बंदी हवी, कोणत्याही वयात, बटण दाबलेलं असलं तरी.